रिकाम्या प्लॉटवरचं रान : नागपुरात दरवर्षी होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा लागून महिना झाला की हुडकेश्वर, वाठोडा, मनीषनगर, कुठल्याही ले-आऊटमध्ये जा. दोन घरांच्या मधात एक रिकामा प्लॉट, त्यात कमरेएवढं गाजर गवत, कोपऱ्यात बेशरमाची झुडपं, आणि मालक पुण्यात नाहीतर परदेशात. प्लॉट बांधलेला नसला तरी तो साफ ठेवायची जबाबदारी मालकाचीच असते. महापालिका नोटीस देते, दंड करते, वेळ पडली तर स्वतः साफ करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. उपद्रव शोध पथकातली माणसं दारात उभी राहिली की सगळ्यांना हे आठवतं, आणि मग घाईघाईत नको ते केलं जातं.

पोळ्यापर्यंत थांबणं

‘पाऊस कमी होऊ द्या, मग एकदाच काढून टाकू’ हे मला दर जुलैत ऐकावं लागतं. नेमकं तेच करू नका. गाजर गवत उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलावर येतं आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघेपर्यंत तुम्ही थांबलात तर पुढच्या वर्षीचं पीक जमिनीत पडून गेलेलं असतं. मग मजूर लावा नाहीतर मशीन, वरचा पाला तेवढा हटतो.

मी पहिली निंदण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच करतो, फूल दिसायच्या आधी. चांगला पाऊस होऊन गेला की एक दिवस उघाड पाहायची आणि सकाळी बसायचं. आपली काळी माती ओली असते तेव्हा गवत मुळासकट हातात येतं. तीच माती वाळली की दगड होते, शेंडा तुटतो, मूळ आत राहतं आणि खालून चार फुटवे येतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. या गवताने अंगावर खाज, चट्टे येतात, दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. रोजाने आलेल्या बाईला उघड्या हातांनी ते उपटायला लावणं मला मुळीच पटत नाही. तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी, गणपतीनंतर तिसरी. एकाच फेरीत काम उरकू पाहणाऱ्यांनी प्लॉट घेण्याआधीच याचा विचार करावा.

आणखी एक. गाजर गवत काढताना तरोटा (टाकळा) सरसकट उपटू नका. तरोटा दाट वाढला की गाजर गवताला जागा मिळत नाही, हे तणांवर काम करणारे शास्त्रज्ञही सांगतात. कोवळा असताना त्याची भाजी होते, ती तर आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. फक्त त्यालाही गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगे दिसले तर ते मेक्सिकन भुंगे. ते गाजर गवतच खातात, त्यांच्यावर औषध मारू नका.

जेसीबी बोलावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. आमच्या मागच्या गल्लीत एका गृहस्थांना नोटीस आली. माणूस सज्जन, पण घाईचा. त्यांनी ऐन ऑगस्टात जेसीबी बोलावला. तासाभरात प्लॉट चकाचक दिसायला लागला, त्यांनी फोटो काढून झोन ऑफिसला दिला आणि निघून गेले. मशीनने गवतासोबत हातभर माती खरवडली होती. प्लॉट रस्त्यापेक्षा खोल झाला आणि पुढच्या पावसात तिथे तळं साचलं. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. खरवडलेला ढीग शेजाऱ्याच्या कंपाउंडला टेकवून ठेवलेला. त्यात बी होतंच, दोन आठवड्यांत ढिगावर नवं गाजर गवत उगवलं आणि ओल्या मातीच्या भाराने भिंतीला तडा गेला. ढिगातून वर आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत आणि नारळाच्या करवंट्यांत डासांच्या अळ्या सापडल्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडायला तयार होतो. गृहस्थांना दुसरी नोटीस आली.

एवढ्यावर भागलं नाही. मशीनखाली एक कडुनिंबही गेला होता, बापुडवाणा, पण हयात. जमीन आपली म्हणून झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्राच्या झाडे जतन कायद्यानुसार खासगी जागेतल्या झाडालाही आधी परवानगी लागते, आणि जाळणं किंवा इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच मोजलं जातं. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करायला काय कष्ट पडतात? गवत काढायला खुरपं, विळा आणि दोन माणसं पुरतात. मोठ्या प्लॉटला ब्रश कटर चालेल, पण फूल यायच्या आधी. आणि कटरने कापलं की काम संपलं असं समजू नका, मुळं हातानेच काढावी लागतात.

काडी लावणं

उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटवून देणारे अजून आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. मे महिन्यात 45 अंशांत वारा सुटला की ती आग तुमच्या हद्दीत राहत नाही. बागेचा कचरा वेगळा साठवून पालिका सांगेल तसा द्यायचा, असा नियम आहे. मी कोपऱ्यात खड्डा करून पाला कुजवतो; फुलावर आलेलं मात्र त्यात टाकत नाही.

कृषी केंद्रातून बाटली आणून फवारणं

ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केला. तरी ते सर्रास मारलं जातं, तेही वाऱ्यात, शेजारच्या अंगणातल्या संत्र्यावर उडेल असं. 2017 मध्ये यवतमाळात कीटकनाशकांच्या फवारणीने शेतकरी दगावले, ते आपल्या विदर्भाने पाहिलं आहे. शिवाय अशा तणनाशकाने उभं गवत मरतं, जमिनीतलं बी मरत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

साप दिसला म्हणून काठी घेऊन धावू नका. सर्पमित्राला बोलवा, आणि गवतात पाय टाकण्याआधी काठीने आवाज करत चला, बूट घाला.

शेजारच्या प्लॉटमध्ये परस्पर शिरून साफसफाई करू नका. मालकाला आधी कळवा. नाव माहीत नसेल तर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) किंवा सातबाऱ्यावर सापडतं.

तक्रार कुठे करायची ते पाहा. शहराला लागून असलेलं बेसा-पिपळा महापालिकेत नाही, स्वतंत्र नगरपंचायतीत येतं. तिथल्या प्लॉटचा अर्ज महापालिकेच्या झोनमध्ये देऊन महिना घालवू नका. अर्ज लेखी द्या, प्लॉट नंबर आणि फोटो जोडा, पोच घ्या.

आणि बाहेरगावच्या मालकांनो, मालमत्ता कराच्या नोंदीत चालू पत्ता आणि मोबाइल टाका. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते, तोवर दंडाची वेळ येते. ले-आऊटमधल्याच एखाद्याला जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या निंदणीचे पैसे आधीच देऊन ठेवा, आणि प्रत्येक फेरीनंतर तारखेसह फोटो मागवा.