देश स्थिर आहे, मग आपण सुखी आहोत का? घरात आणि गावात हे कसं तपासायचं

सरकार टिकलं म्हणजे देश स्थिर आणि देश स्थिर म्हणजे लोक सुखी, असं पारावर कायम ऐकायला मिळतं. पण इंग्रजांचं राज्य आपल्या सातारा जिल्ह्यात काय कमी स्थिर होतं का? तरी १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेलं सरकार, उभं राहिलं आणि लोक कोर्ट सोडून त्यांच्याकडं न्यायाला जायला लागले. म्हणून म्हणतोय, स्थिरता खुर्चीवरनं मोजू नका, आपल्या दारात काय पोचतंय त्यावरनं मोजा.

आधी घरापासनं सुरुवात करा. प्रत्येकाला विचारा की ० ते १० पायऱ्यांची शिडी धरली आणि १० म्हणजे तुला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य, तर आज तू कुठल्या पायरीवर आहेस? एकेकट्याला विचारा बरं का, सगळ्यांसमोर सून खरं बोलणार नाही आणि आजी तर नाहीच. जागतिक आनंद अहवालात देशांचे नंबर याच प्रश्नावरनं लागतात. फिनलंड २०१८ पासनं पहिला, आणि आपल्याकडं सरकारं मतदानानं शांततेत बदलतात तरी २०२५ च्या यादीत भारत १४७ देशांत ११८ वा, उलट युद्धात असलेला इस्रायल ८ वा! म्हणजे नुसत्या शांततेवर सगळं ठरत नाही. फरक का पडतो हे बघायला ते सहा गोष्टी धरतात: उत्पन्न, निरोगी आयुष्य, अडचणीला धावून येणारं माणूस, स्वतःचं स्वतः ठरवायची मोकळीक, दानत आणि भ्रष्टाचार. घरच्यांनी आकडा सांगितला की लगेच का ते विचारा आणि उत्तर या सहांतल्या कशात बसतं ते वहीत लिहून ठेवा.

आता गावाकडं वळा. इथं माझ्या मते एकच बघायचं, ठरलेलं ठरल्या वेळेला होतंय का. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं असा कायदा आहे, तर ऊस गेल्याची आणि पैसे खात्यावर पडल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. सांगली जिल्ह्यात जतकडं म्हैसाळ सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार हे आधी कळलं तर माणूस पेरणी ठरवतो, कर्ज ठरवतो, पोरीच्या कॉलेजची फी ठरवतो, आणि नाही कळलं तर सगळं घर ताटकळत बसतं. दिल्लीत सरकार कितीबी भक्कम असू दे, या घराला स्थिरता काय असते ते कसं कळणार?

वहीत चार-पाच तारखा चुकलेल्या दिसल्या की त्या ग्रामसभेत वाचून दाखवा. कोरमला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात, म्हणून भावकीतल्या चार जणांना आधीच सांगून ठेवा. बायकांची वेगळी सभा त्याच्या आधी होते, ती चुकवू नका, पाण्याचं आणि दवाखान्याचं खरं तिथंच निघतं.

पंचायतीकडनं उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात "का केलं नाही" असं विचारू नका, "कुठल्या तारखेला किती निधी आला आणि कशावर खर्च झाला याच्या प्रती द्या" असं लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.