जिनिव्हात आपला प्रश्न कसा मांडून घ्यायचा

संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेत साधारण साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. साडेतीन तास इतर देश त्याच्या कारभारावर बोलतात, शिफारशी करतात, आणि त्यातल्या कोणत्या मान्य आहेत हे त्या देशाला कळवावं लागतं. याला यूपीआर (युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू) म्हणतात. भारताची मागची पाळी 10 नोव्हेंबर 2022 ला झाली आणि 339 शिफारशी आल्या. पुढची 2027 च्या आसपास यायला हवी, म्हणून तयारी आताच सुरू करा.

मी साताऱ्यात वकिली करते. समलिंगी जोडप्यांची कामं माझ्याकडे येतात: मृत्युपत्र, भाडेकरार, घरच्यांनी केलेल्या तक्रारी. या लोकांचं म्हणणं त्या साडेतीन तासांत पोहोचू शकतं, आणि त्यासाठी दिल्लीतली मोठी संस्था असावी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांची मान्यता नसलेला छोटा गटही लेखी निवेदन पाठवू शकतो. मान्यता लागते ती परिषदेत उभं राहून बोलायला.

निवेदन एका संस्थेचं असेल तर मर्यादा 2815 शब्दांची, अनेकांनी मिळून दिलं तर 5630. मी मिळून देण्याच्याच बाजूची आहे. साताऱ्याच्या गटासोबत नांदेडचा, पणजीचा असा आणखी एखादा गट असला, की ही एका गावाची कुरकुर वाटत नाही. भाषा इंग्रजी ठेवा. मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातो. मुदत सत्राच्या कितीतरी महिने आधी संपते आणि नंतर आलेलं घेत नाहीत, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक अधूनमधून बघत राहा.

लिहायला बसण्याआधी आपलं सरकार कुठे उभं आहे ते नीट समजून घ्या. लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणाऱ्या हिंसाचारावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठराव 2016 मध्ये परिषदेत 23 विरुद्ध 18 मतांनी मंजूर झाला; भारत तटस्थ राहिला. 2019 आणि 2022 मध्ये मुदतवाढीच्या वेळीही तटस्थच. त्याआधी, मार्च 2015 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना मिळणारे लाभ काढून घ्यावेत या रशियाच्या प्रस्तावाच्या बाजूने भारताने मत दिलं होतं. तो प्रस्ताव 43 विरुद्ध 80 असा पडला. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा कणा मोडला, तरी त्यानंतरच्या दोन्ही मतदानांत आपलं मत हललं नाही. हे मला आजही बोचतं.

म्हणून ‘समलिंगींचे हक्क मान्य करा’ अशी मोघम मागणी करू नका. तिला ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर मिळतं आणि फाइल बंद होते. सरकारने जे स्वतःच कबूल केलंय, तिथे बोट ठेवा. समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतर केंद्राने अशा जोडप्यांच्या अडचणींसाठी समिती नेमली. 2024 मध्ये स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावं. आता तुमच्या गावात जाऊन बघा.

माझ्याकडे येणाऱ्या दोघी एका बँकेत संयुक्त खातं काढायला गेल्या. फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना होता. त्यांनी ‘जोडीदार’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला, “ताई, बहीण लिहा, लगेच होईल.” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, त्याला ते परिपत्रक कुणी दाखवलंच नव्हतं. निवेदनात ही घटना चार ओळींत बसते: तारीख, कोणता फॉर्म, काय उत्तर मिळालं, केंद्राचं पत्र काय सांगतं. अशा पाच घटना वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आल्या, की पानभर तत्त्वज्ञानापेक्षा वजनदार ठरतात.

निवेदन जसंच्या तसं संकेतस्थळावर प्रसिद्ध होतं. त्यामुळे माणसाचं नाव, गाव, नोकरीचं ठिकाण काही लिहू नका, जिल्हा पुरे. लहान गावात ‘शाळेत शिकवणारा अमुक वयाचा’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ज्याची हकीकत आहे त्याला अंतिम मजकूर वाचून दाखवा, आणि तो नको म्हणाला तर काढून टाका. तिथे वाद घालू नका.

प्रत्येक मुद्द्याखाली एकच मागणी, एका वाक्यात, दाव्याच्या शेवटी कोर्टाकडे मागणं मांडतात त्या प्रेयरसारखी. उदाहरणार्थ: जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, बळजबरीसाठी शिल्लक असलेलं 377 वगळताना प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी वेगळी तरतूद उरली नाही, ती करावी. किंवा: समलिंगी माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, त्यानंतर किती डॉक्टरांवर कारवाई झाली ते जाहीर करावं.

निवेदन पाठवलं की निम्मं काम झालं. बोलणार आहेत ते देश, त्यामुळे प्रश्न त्यांच्या तोंडी जायला हवा. सत्राच्या दोन-तीन महिने आधी दिल्लीतल्या दूतावासांना एक पानाची टिपणी पाठवा, मागण्या दोनच ठेवा. इथे माझं मत ठाम आहे: युरोपच्या आधी अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण आफ्रिका, नेपाळ यांच्याकडे जा. 2016 चा ठराव सात लॅटिन अमेरिकी देशांनी आणला होता, याच विषयावरचा 2011 चा ठराव दक्षिण आफ्रिकेने. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सरकारला भेदभाव थांबवायला सांगितलं. यांनी विचारलं तर ‘पाश्चात्त्यांचा उपदेश’ म्हणून झटकता येत नाही. आणि 377 तर इंग्रजांनीच 1860 च्या दंडसंहितेतून आपल्यावर लादलं होतं.

मदत तोडण्याच्या धमक्या मात्र कुणाकडे मागू नका. ब्रिटनने 2011 मध्ये तसं सुचवलं तेव्हा आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनीच जाहीर पत्रक काढून विरोध केला होता. राग शेवटी तिथल्या समलिंगी लोकांवर निघतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पाळी झाल्यावर मान्य शिफारशींची यादी येते. तिच्यातला तुमच्या मुद्द्याचा क्रमांक शोधा आणि सामाजिक न्याय मंत्रालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: या शिफारशीवर कोणती पत्रं गेली, कुणाला, कधी. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. जे काही हाती येईल, त्याची प्रत पुढच्या निवेदनाच्या फाइलमध्ये आधीच लावून ठेवा.