फ्रेंच भूतकाळ: ‘एत्र’ की ‘आव्वार’?

पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचमधला सहायक क्रियापद लावून होणारा भूतकाळ, शिकताना सगळे अडखळतात ते सहायक क्रियापदापाशी. जाणे, येणे, निघणे, पोचणे, पडणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना आणि सगळ्या स्ववाचक क्रियापदांना (‘स्वतःला धुणे’सारख्या) ‘एत्र’ (असणे) लागतं, बाकीच्यांना ‘आव्वार’ (जवळ असणे). ही यादी पाठच करावी, पण एक मेख लक्षात ठेवा: ‘देसाँद्र’ म्हणजे उतरणे, त्याला एत्र. मात्र तेच बॅग खाली उतरवण्यासाठी वापरलं, म्हणजे कर्म आलं, की आव्वार: ‘झे देसाँद्यु ला वालीझ’.

लिंग-वचनाच्या बाबतीत मराठी माणसाचं काम निम्मं झालेलं असतं. ‘ती गेली’मध्ये क्रियापद कर्त्यामागे जातं, तसंच ‘एल ए आले’मध्ये, शेवटी एक जादा ‘ई’ लिहायचा, उच्चार बदलत नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली’मध्ये मात्र आपण कर्माकडे बघतो. आव्वारवाली क्रियापदंही कर्माकडे बघतात, पण ते आधी आलं असेल तरच. म्हणून ‘झे एक्री ला लेत्र’ (मी चिठ्ठी लिहिली), पण ‘ला लेत्र क झे एक्रीत’ (मी लिहिलेली चिठ्ठी). इथला ‘त’ ऐकू येतो, त्यामुळे बोलतानाही चूक पकडली जाते. खरं तर फ्रेंच लोकही बोलताना हा नियम बरेचदा विसरतात. परीक्षक विसरत नाहीत.