पेपर हातात आला की आधी मार्कांचा हिशोब करा

दहावी-बारावीच्या पोरांना घरी दारी सगळे अभ्यास कर अभ्यास कर म्हणतात, पण हॉलमधल्या त्या तीन तासांत नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. इथे गोव्यात, फोंड्याला ट्यूशनच्या पोरांचे प्रिलिमचे पेपर बघते तेव्हा दिसतं की बऱ्याच जणांना शेवटच्या प्रश्नांची उत्तरं येत असतात, फक्त तिथपर्यंत पोचायला वेळच उरत नाही.

समजा पेपर 80 मार्कांचा आणि तीन तासांचा. म्हणजे 180 मिनिटं. वाचायला नि शेवटी चेक करायला मिळून 20 बाजूला काढा, राहिली 160, म्हणजे एका मार्काला 2 मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला सहा, पाचच्याला दहा. वेळ संपली आणि गणित सुटत नाही तर खाली जागा सोडा आणि पुढे सरका, हे जीवावर येतं मला माहीत आहे, खासकरून मॅथ्सला, कारण वाटतं आता सुटेल मग सुटेल आणि तेवढ्यात पंधरा मिनिटं गेलेली असतात. सुटलं नाही तरी फॉर्म्युला आणि जमल्या तेवढ्या स्टेप्स लिहून ठेवा, स्टेपचे मार्क असतात. कोरी जागा बघून तपासणारा तरी काय देणार?

उलटा प्रकार पण होतो. आवडता प्रश्न आला की दोन मार्कांसाठी दीड पान. दोनाचे अडीच कोणी देत नाही हो.

क्रम तुमचा तुम्ही ठरवा, येतं ते आधी. फक्त नंबर पेपरातलाच घाला आणि एका प्रश्नाचे सगळे पोटप्रश्न एकत्र ठेवा. आपल्याकडे बरीच पोरं चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्लिश मिडीयमला जातात, त्यांनी प्रश्नातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावून घ्या. डिस्टिंग्विश असलं की सरळ टेबल करा, गिव्ह रीझन्स असलं तर कारण पाहिजे, व्याख्या नको.

नीट आणि जेईई मेन या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांचं गणित वेगळं. बरोबरला 4, चुकलं तर उणे 1. चारातले दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं तर उरलेल्यातला एक अंदाजाने मारा, असे दोन प्रश्न मारले तर सरासरीने एक बरोबर एक चूक, म्हणजे 3 मार्क पदरात. अगदी डोळे मिटून मारलं तरी चार प्रश्नांमागे सरासरी फक्त 1 मिळतो, नशीब फिरलं तर तोही नाही, त्यापेक्षा तो वेळ येणाऱ्या प्रश्नाला द्या. जेईई मेनच्या न्युमेरिकलला पर्यायच नसतात, तिथे अंदाज नकोच. नीटला 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत, त्यामुळे ओएमआरचे, म्हणजे उत्तराच्या कागदावर रंगवायचे गोल शेवटाला ठेवू नका, पानागणिक भरत जा, पण प्रश्न सोडला की त्याचा गोल पण सोडला ना ते बघा, नाहीतर पुढचे सगळे एकेक घर सरकतात.

आणि हे सगळं पहिल्यांदा बोर्डाच्या हॉलमध्ये करून बघू नका. जुने पेपर काढा, साधं काट्याचं घड्याळ समोर ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. बाहेर शिगम्याचे ढोल वाजत असले तर वाजू देत, तीन तास झाले की पेन खाली.