बंदुकीच्या नळीवर माशी झाळताना सोल्डर कोणतं घ्यावं

माशी म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली नेम धरायची खूण; ती सोल्डरने नळीला जोडतात. पण ‘सिल्व्हर सोल्डर’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, आणि नळीची वाट लागते ती इथेच. एक ९६ टक्के कथील, ४ टक्के चांदी. साधारण २२१ अंश सेल्सिअसला वितळणारं. दुसरी ४५ ते ५६ टक्के चांदीची ब्रेझिंगची, म्हणजे जास्त तापावर पक्का सांधा करायची कांडी. तिला ६०० अंशांच्या वर ताप लागतो. नळीचं ४१४० जातीचं पोलाद साधारण ५५० ते ६५० अंशांना टेंपर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. कांडी वितळेपर्यंत तापवलं की तेवढा पट्टा मऊ पडू शकतो आणि आत खपली धरते. म्हणून पाकिटावरचं नाव नव्हे, तापमान वाचा.

मऊ सोल्डर माशीला पुरेल का? माशीची नळीला टेकणारी बैठक ७५ मिमी लांब, ८ मिमी रुंद धरली, म्हणजे ६०० चौरस मिमी. दर चौरस मिमीला २० न्यूटन एवढाच जोर धरला तरी १२,००० न्यूटन, म्हणजे बाराशे किलोंच्या आसपास. ताकद मिश्रधातूपेक्षा बैठकीच्या क्षेत्रफळातून येते. बैठक नळीच्या गोलाईला घासून नीट बसवा, फट ०.१ मिमीच्या आसपास हवी. जाड फट सोल्डरने भरून काढलेला सांधा कच्चाच राहतो.

एकनळीवर नवी माशी असेल तर ९६/४ घ्या. दुनळीचं गणित वेगळं: तिच्या रिब, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या, मुळातच मऊ सोल्डरने बसवलेल्या असतात, एका जागी ताप दिला की शेजारची रिब सुटते. तिथे ६३/३७ कथील-शिसं, १८३ अंशांना एकदम वितळणारं, आणि दोन्ही बाजूंना ओली फडकी गुंडाळलेली. ५०/५० टाळा. ते १८३ ते सुमारे २१५ अंशांपर्यंत लापशीसारखं राहतं. त्या वेळात भाग जरासा हलला तरी सांधा निस्तेज, रवाळ होतो.

गंजू नये म्हणून नळी पुढे काळी कशी करणार, हेही आधीच ठरवा. कॉस्टिक सोड्याच्या सुमारे १४० अंशांच्या गरम हौदात कथील-शिसं खाल्लं जातं, शिवाय रिबखाली सोडा अडकतो. दुनळीला गंज चढवून, उकळून, ब्रश मारून काळं करण्याची जुनी पद्धतच बरी.

दोन्ही पृष्ठं उघडी चकचकीत करा, झिंक क्लोराइडचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा आणि आधी वेगवेगळी कथलावून घ्या. कल्हईसारखा पातळ थर, गुठळी नको. बैठकीभोवती मऊ पेन्सिल गिरवा, तिथे सोल्डर चिकटत नाही. मग क्लॅम्प. ज्योत माशीवर नको, नळीवर फिरवा. जाड भाग उशिरा तापतो आणि सोल्डर उष्णतेकडे धावतं. कडेने चांदीसारखी बारीक रेघ उमटली की ज्योत बाजूला. पोलादावर फिकट पिवळी छटा आली तर साधारण २२० अंश झाले समजा. निळी दिसली तर तीनशेच्या आसपास गेलात. पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या.

फ्लक्स उरला की गंज ठरलेला. खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा.

भारतात बंदूक दुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. तो नसेल तर काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.

दुनळी परत घेताना नळ्या सुट्या करून हुकाला टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. घंटेसारखा नाद लांबला तर रिब पक्क्या. खरखरीत, फुटका आवाज आला तर कुठेतरी सांधा सुटलाय.