आधी धाराशिवची नगरपरिषद, मग अमेरिका

मी ओहायोतल्या कोलंबसला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि २०२१ पासून अमेरिकेची नागरिक आहे. नवरा बार्शीचा, तिथे शाळेत गणित शिकवायचा. आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. माझा घटस्फोट झालेला, त्याची पहिली बायको आजारपणात गेली. तिची मुलगी आता माझी लेक. ११ फेब्रुवारी २०२३ ला बार्शीत लग्न झालं आणि दोन वर्षं उलटून थोडे दिवस झाल्यावर ती दोघं इथे उतरली. ते 'थोडे दिवस' आम्ही मुद्दाम मोजून घेतले होते, त्याबद्दल पुढे सांगते. मधल्या काळात बार्शीत नवऱ्याला 'अमेरिकेचा घरजावई' असं नाव पडलं, ते अजून टिकून आहे.

आता ओळखीतले फोन करून विचारतात, जोडीदाराला आणि मुलांना अमेरिकेत आणायची सुरुवात कुठून करायची? जो तो अमेरिकेची वेबसाइट उघडून बसलेला असतो. मी म्हणते, ती बंद करा. घरातले सगळ्यांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, पासपोर्ट काढा, जमिनीवर पसरा आणि प्रत्येक कागदावरचं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचा. आमचं जे काही अडलं ते तिथेच अडलं.

तरी अर्जाचं आधी सांगते, कारण तिथे मी पहिली चूक करता करता वाचले. जोडीदारासाठी आय-१३० नावाचा अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरायचा, सोबत जोडीदाराच्या माहितीचा आय-१३०ए. मी भरला तेव्हा फी ५३५ डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ झाली. भरण्याआधी त्या दिवशीची फी बघून घ्या. मंडळाच्या गणपतीत एका जाणत्या गृहस्थांनी मला छातीठोक सांगितलं, "मुलीचा वेगळा अर्ज कशाला? वडिलांबरोबर ती आपोआप येते." त्यांच्या बाबतीत ते खरंच होतं, कारण अर्ज करताना त्यांच्याकडे फक्त ग्रीन कार्ड होतं. ग्रीन कार्डवाल्याच्या अर्जात मुलं जोडीदाराबरोबर येतात, पण रांगेत थांबावं लागतं. नागरिकाला रांग नाही, पण प्रत्येक मुलाचा आय-१३० वेगळा. मुलीचा अर्ज राहिला असता तर नवऱ्याला व्हिसा मिळाला असता आणि लेक आजीकडे राहिली असती. सावत्र मुलासाठी अट एवढीच की आईवडिलांचं हे लग्न त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेलं हवं. आमची लेक तेव्हा दहा वर्षांची होती.

लग्न खरं आहे हे दाखवायला काय लावायचं, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ठरवून झालेल्या लग्नात गालाला गाल लावलेले फोटो नसतात, आमच्याकडेही नव्हते. मी लग्नपत्रिका लावली, भाषांतरासकट. माझी तीन फेऱ्यांची विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, फोनवरच्या कॉलची यादी, आणि वीस फोटो. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण उभं आहे ते. अक्षता म्हणजे काय, अंतरपाट कशासाठी धरतात, हेही एका ओळीत लिहिलं. समोरच्या अधिकाऱ्याला दोघांच्या मध्ये चादर धरलेली का दिसते हे कळायला नको का?

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, पण त्यासाठी एजन्सीच गाठायला हवी असं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही, नाव, पत्ता, तारीख घातली की झालं. एक एजन्सी पानाला इतके पैसे सांगत होती की मी फोन ठेवला. माझ्या मैत्रिणीनं दोन संध्याकाळी बसून सगळं केलं, बदल्यात पुरणपोळ्या घेतल्या. स्वतःच्या केसचं भाषांतर मात्र स्वतः करू नका.

आता नावांकडे येते.

लेकीचा जन्म २०१२ चा, तिच्या आजोळी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला. दाखला काढला तर तीन भानगडी निघाल्या. पहिली, बाळाच्या नावाचा रकाना कोरा. दवाखान्यानं जन्म लगेच कळवला, तोवर बारसं झालं नव्हतं, आणि नंतर नगरपरिषदेत जाऊन नाव घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. असे दाखले घराघरात आहेत. जन्माच्या नोंदीत पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, वर्षानंतर थोडं विलंब शुल्क पडतं. शाळेचा बोनाफाईड आणि वडिलांचा अर्ज एवढ्यावर ते झालं. पंधरा वर्षं उलटली की मात्र चपला झिजतात, म्हणून हे आजच बघा.

दुसरी, नवा दाखला हातात आला तेव्हा त्यावर 'धाराशिव' छापलेलं होतं. पासपोर्टवर 'उस्मानाबाद'. २०२३ मध्ये नाव बदललं, त्यात आपलं काही चुकलेलं नाही, पण अमेरिकेतल्या माणसासाठी ही दोन गावं आहेत. मी अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहिलं आणि नामांतराची अधिसूचना भाषांतरासह जोडली. औरंगाबादच्या लोकांनीही हे करावं.

तिसरी भानगड खरी. जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं होतं, कारण नोंद आजोळच्या लोकांनी दिली. मृत्युदाखल्यावर सासरचं. आणि आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, त्यामुळे फक्त आडनाव नाही, पहिलं नावही वेगळं. कागद वाचणाऱ्यानं काय समजायचं? मुलीची आई एक बाई आहे, आणि मेली ती दुसरीच. मग मुलीची आई कुठे आहे? मूल देशाबाहेर जातंय, तिची संमती कुठे आहे? आणि या गृहस्थाचं पहिलं लग्न संपलं याला पुरावा काय? त्यांचं पहिलं लग्न नोंदवलेलंही नव्हतं.

हे सोडवायला प्रतिज्ञापत्रं लागली, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं सांगणारी. ती कुणाची असावीत हे महत्त्वाचं. वकिलानं तयार मजकुरावर शेजाऱ्याची सही घेऊ म्हटलं, आम्ही नको म्हटलं. जन्मापासून ओळखणारं माणूस हवं. ते म्हणजे तिचा सख्खा भाऊ, लेकीचा मामा. मी फोनवर कसं विचारावं याची दोन दिवस जुळवाजुळव करत होते. ते म्हणाले, "ताई, सही कुठं करायची तेवढं सांगा." दुसरं तिच्या आईनं केलं. त्यात नातं काय, माहेरचं नाव काय, लग्न कधी झालं, सासरी कोणतं नाव ठेवलं, हे सगळं साध्या वाक्यात आलं. सोबत मामांनीच जपून ठेवलेली तेव्हाची लग्नपत्रिका, जिच्यावर वधूचं माहेरचं नाव होतं, आणि बार्शीचं जुनं रेशन कार्ड, ज्यावर सासरचं. ही साखळी जुळल्यावर पुढे कुणी एक प्रश्न विचारला नाही.

नवऱ्याचा स्वतःचा जन्म १९८१ चा, खेड्यात, घरी. नोंदच नाही. अशा वेळी बरेच जण धावाधाव करून नवीन उशिराचा दाखला काढतात. माझं मत विचाराल तर करू नका. चाळीस वर्षांनी काढलेल्या दाखल्यावर तारीख ताजी असते आणि ती संशय वाढवते. ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नाही असा दाखला घ्या, शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आमचं यावर निभावलं.

आमचं लग्न आम्ही नगरपरिषदेत त्याच आठवड्यात नोंदवलं, नमुना 'ई'चं प्रमाणपत्र मिळालं. नोंदणीच्या अर्जात नवऱ्याच्या नावापुढे 'विधुर' आणि माझ्यापुढे 'घटस्फोटित' लिहिलंय ना, ते तिथेच उभं राहून तपासा.

अर्ज मंजूर व्हायला चौदा महिने लागले, लेकीचा त्यानंतर सहा आठवड्यांनी. मग केस न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, सगळे एनव्हीसी म्हणतात. बीएमबी अक्षरांनी सुरू होणारे दोन केस नंबर आले, बीएमबी म्हणजे मुंबई. लगेच एनव्हीसीला लिहून कळवा की दोन्ही केसेसचा इंटरव्ह्यू एकत्र हवा, नाहीतर बाप एका महिन्यात आणि लेक दुसऱ्या. इथे माणशी ३२५ डॉलर व्हिसाची फी, शिवाय आर्थिक हमीच्या कागदांसाठी १२०. व्हिसाच्या अर्जाचा डीएस-२६० फॉर्म प्रत्येकाचा वेगळा. त्यात सोशल सिक्युरिटी कार्ड हवं का असा प्रश्न आहे, हो म्हणा, इथे आल्यावर एक चक्कर वाचते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. सोळा वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. त्याआधी नवऱ्याचा पासपोर्ट बदलून घेतला, कारण शेवटच्या पानावर जोडीदार म्हणून अजून पहिलीचंच नाव होतं.

आर्थिक हमी म्हणजे आय-८६४. नागरिकानं लिहून द्यायचं की या माणसाचा भार सरकारवर पडू देणार नाही. उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के हवं. २०२४ च्या तक्त्यात तिघांच्या कुटुंबाला ३२,२७५ डॉलर. दोन केसेस, म्हणून दोन वेगळे आय-८६४. सही करण्याआधी हे वाचाच: घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. तो माणूस नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या नोकरीएवढ्या कामाच्या तिमाह्या जमेपर्यंत ती चालते. माझ्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, सप्तपदीपेक्षा हे कडक आहे.

इथे माझी स्वतःची चूक. २०२३ चा टॅक्स मी सवयीनं 'सिंगल' म्हणून भरला. एकीकडे सरकारला सांगतेय माझं लग्न झालंय, दुसरीकडे टॅक्सवाल्यांना सांगतेय मी एकटी! नवरा भारतात असला तरी लग्न ते लग्न. टॅक्स दुरुस्तीचा १०४०-एक्स फॉर्म भरून 'विवाहित, वेगळा अर्ज' असं दुरुस्त केलं, थोडा जास्त कर भरला आणि दुरुस्तीची प्रत हमीच्या कागदांना जोडली.

मेडिकल मुंबईत, कॉन्सुलेटनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच. पंधरा वर्षांवरच्यांचा छातीचा एक्स-रे. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांना टीबीसाठी रक्ताची तपासणी. ही तपासणी मी कामावर रोज लावते, तरी लेकीची लावली त्या दिवशी इकडे माझ्या पोटात गोळा होता. घरात कुणाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर एक्स-रेवर डाग दिसतो आणि मग थुंकीचं कल्चर, त्याला आठेक आठवडे जातात. अशांनी मेडिकल शक्य तितकं लवकर करावं. लसीकरणाचं जुनं कार्ड सापडलं तर सुया वाचतात.

इंटरव्ह्यू नोव्हेंबर २०२४ मध्ये, बांद्रा-कुर्ला संकुलात. दोघं कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आदल्या सकाळीच मुंबईत पोचले, हे बरं केलं. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर सांभाळायला सोबत माणूस न्या. सगळे मूळ कागद क्रमाने लावलेली फाईल न्या. आमच्या क्रमात पहिलं मामांचं प्रतिज्ञापत्र होतं. अधिकाऱ्यानं ते वाचलं, लेकीला तिची शाळा विचारली, नवऱ्याला माझं काम विचारलं. दहा मिनिटं.

आता ती तारीख. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अट काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज भरून पुन्हा सगळे पुरावे द्यावे लागतात. दोन वर्षं झालेली असतील तर थेट दहा वर्षांचं. यात व्हिसाची तारीख बघत नाहीत, विमानतळावर प्रवेश घेतल्याची बघतात. व्हिसा डिसेंबरमध्ये आला, मुदत मेडिकलवर अवलंबून म्हणून एप्रिलपर्यंत होती. सासूबाईंना घाई होती, मलाही होती, पण आम्ही फेब्रुवारीअखेरची तिकिटं काढली. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याला नवऱ्यानं लग्नाचा दाखला दाखवून सांगितलं की दोन वर्षं झाली आहेत, व्हिसावरची सशर्त श्रेणी बदला. त्यानं पासपोर्टवर बदलली. नाहीतर व्हिसावर छापलेलीच श्रेणी पुढे चालते. उड्डाणाआधी माणशी २३५ डॉलरची यूएससीआयएस फी ऑनलाइन भरलेली असली की कार्ड लवकर घरी येतं. आल्या आल्या त्यावरचं नाव तपासा. चूक त्यांची असेल तर कार्ड बदलून घेण्याच्या आय-९० अर्जाला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट सावत्र आईबाबांसाठी. नागरिकाचं पोटचं किंवा दत्तक मूल ग्रीन कार्ड घेऊन आईबाबांजवळ राहायला आलं की अठरा वर्षांखाली आपोआप नागरिक होतं. सावत्र मूल होत नाही. मला कुणी कुणी सुचवलं, मग दत्तक घे. त्याला वयाची सोळा वर्षांची अट आहे, शिवाय दोन वर्षांचा ताबा आणि सहवास लागतो. पण दुसरा रस्ता आहे. नागरिकाचा जोडीदार तीन वर्षांनी स्वतः नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो, नव्वद दिवस आधीही. म्हणजे नवरा नोव्हेंबर २०२७ अखेरीस अर्ज करेल. तो नागरिक झाला तेव्हा लेक अठराच्या आत असेल आणि आमच्याजवळ राहत असेल तर तीही त्याच क्षणी होते, कारण बाप सख्खा आहे. तिला अठरा ऑगस्ट २०३० ला लागतात. दत्तकपत्र नको, आणि धाराशिवच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात जे नाव आहे, ते तसंच राहील. हे मी मामांना फोन करून सांगितलं.