पॉवर वीडरच्या इंजिनाला न ठिबकणारा ऑइल ड्रेन कसा बसवावा

वीडरचं, म्हणजे तण काढायच्या इंजिनवाल्या यंत्राचं, ऑइल बदलायचं म्हटलं की थोडं डब्यात आणि बरंचसं चौकटीवर जातं. ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट, चौकटीला इतका खेटून असतो की खाली डबा बसतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे: बोल्टच्या जागी पोकळ ॲडॅप्टर (नळी जोडायचा तुकडा), त्याला नळी आणि नळीच्या टोकाला कॉक, म्हणजे छोटी तोटी. अडचण एवढीच, की घाईत बसवलेला असा ड्रेन आठवड्याभरात ठिबकायला लागतो.

इथे होंडाचं जीएक्स १६० धरून सांगतो, कारण त्याच घडणीची इंजिनं बऱ्याच वीडरवर आणि पंपांवर दिसतात. यात साधारण ०.६ लिटर ऑइल मावतं. नवीन इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं असतं. धुळीत काम असेल तर आणखी लवकर.

आधी आटे ओळखा. इथला बोल्ट एम १० चा (१० मिलिमीटर जाडीचा), १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर), सरळ आट्यांचा असतो. दुकानात सहज हाती येतं ते १/८ इंची, म्हणजे एक सुताचं पाइपाचं फिटिंग. त्याची जाडी सुमारे ९.७ मिलिमीटर, म्हणून ते दोन फेरे छान जातं, पण आटे जुळत नसल्याने मग अडतं. तिथे पान्याचा जोर लावला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाचे) आटे गेलेच. हा उद्योग मी एकदा केला आहे. नंतर लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, बसवून घ्यावं लागलं. म्हणून जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जा. निमुळत्या आट्यांचं फिटिंग तर चेंबरमध्ये घालूच नका, ते पाचरीसारखं काम करतं आणि चेंबर तडकतो.

चेंबरच्या बाजूला ऑइल अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात अर्थ नाही. उलट तिचे तुकडे ऑइलमध्ये जातात. वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, नवा घ्या. तांब्याचा जुनाच वापरायचा असेल तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो.

आता काम. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा. या इंजिनाला दोन बाजूंना दोन ड्रेन बोल्ट असतात. ढेकळं आणि दगड कमी लागतील ती बाजू निवडा. ऑइल काढून घ्या. बोल्ट बसायची जागा पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि जुना वॉशर तिथे चिकटून राहिला नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन वॉशर एकावर एक आले की गळती नक्की.

ॲडॅप्टर आधी हातानेच पूर्ण आत जाऊ द्या. हाताने जात नसेल तर आटे चुकलेत, तिथेच थांबा. शेवटी छोट्या पान्याने बेताने आवळा. पोकळ असल्याने तो मूळ बोल्टाइतका ताण सोसत नाही.

नळी ऑइलला चालणाऱ्या नायट्राइल रबराचीच हवी. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी गरम ऑइलने मऊ पडून निसटते. दोन्ही टोकांना क्लिपा लावा. कॉक नुसता लोंबकळत ठेवू नका, चौकटीला पट्टीने घट्ट बांधा. इंजिनाच्या थरथरीने ॲडॅप्टर ढिला होतो तो बहुतेक या लोंबत्या वजनामुळेच. कॉकच्या तोंडाला आटे असतील तर वर बूचही लावा, म्हणजे फांदी अडकून दांडी फिरली तरी इंजिन कोरडं पडणार नाही.

मशीन सपाट जागी ठेवून १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल भरणीच्या तोंडाच्या काठापर्यंत भरा. दोन मिनिटं चालवा, बंद करून पातळी पुन्हा बघा. थोडं ऑइल नळीत गेलेलं असतं. मग सगळे सांधे कोरडे पुसून त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा मिनिटं इंजिन चालवा. जिथून झिरपतं तिथे पावडर ओली होऊन काळपट रेघ उमटते. रेघ ॲडॅप्टरपाशी दिसली तर आणखी आवळत बसू नका. ऑइल काढा, वॉशर बदला.

निघालेलं ऑइल बांधावर ओतू नका. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याला द्या.